चार सीडी, चार प्लेयर, एक गाणं: द फ्लेमिंग लिप्सचा 'झायरीका' नक्की काय प्रकार आहे?

आजचा एपिसोड अशा एका अल्बमबद्दल आहे जो एकट्याने नीट ऐकताच येत नाही. बंदी वगैरे काही नाही, पण ऐकायचा तर चार सीडी प्लेयर लागतात, आणि चारही प्लेयरचं बटण एकाच क्षणी दाबायला चार माणसं लागतात. अल्बमचं नाव 'झायरीका', बँडचं नाव 'द फ्लेमिंग लिप्स', वर्ष १९९७.

नेहमीप्रमाणे एपिसोडचा मजकूर इथे देतोय. बोलताना जे आकडे भरभर निघून जातात, ते इथे सावकाश वाचता येतील. आज आकडे आहेत, कारण या अल्बमची खरी मजा एका टेक्निकल भानगडीत आहे. चार मशीन्स एकत्र सुरू केल्या तरी त्या एकत्र राहत नाहीत, आणि या बँडने त्या गोष्टीचंच संगीत केलं. माझं म्हणणं असं की या बँडचा पुढचा सगळा प्रवास, त्यांचे सगळ्यात गाजलेले दोन अल्बमसुद्धा, या उद्योगाशिवाय समजत नाहीत.

आधी बँडची ओळख

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचं राज्य आहे, देशाच्या साधारण मधोमध. संगीतासाठी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सिअॅटल ही नावं आपण ऐकतो, ओक्लाहोमा सिटीचं नाव सहसा कोणी घेत नाही. तिथे १९८३ मध्ये वेन कॉइन, त्याचा भाऊ मार्क कॉइन आणि बेसवर मायकल आयव्हिन्स यांनी हा बँड सुरू केला. सुरुवातीला गायचा मार्क. तो बाहेर पडल्यावर माइक वेनकडे आला आणि मग त्याच्याकडेच राहिला.

वेन कॉइन तेव्हा एका फास्ट फूडच्या दुकानात मासे तळायचा. एक-दोन महिने नाही, दहा वर्षांहून जास्त. म्हणजे बँडचे पहिले अल्बम निघत होते आणि मुख्य गायक दिवसा कढईसमोर उभा होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण या लोकांकडे संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं, पैसेही नव्हते. होती ती चिकाटी आणि 'करून तर बघू' हा स्वभाव.

१९९० च्या अल्बमवर त्यांना डेव्ह फ्रिडमन भेटला. हा रेकॉर्डिंगचा माणूस, आणि पुढची अनेक वर्षं बँडच्या आवाजामागे त्याचा हात राहिला. मग वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. १९९३ च्या 'ट्रान्समिशन्स फ्रॉम द सॅटेलाइट हार्ट' या अल्बममध्ये दोन नवीन लोक होते: ड्रम्सवर स्टीव्हन ड्रोझ्ड आणि गिटारवर रोनाल्ड जोन्स. यातलं 'शी डोन्ट यूज जेली' हे गाणं गाजलं, बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ५५ व्या नंबरपर्यंत गेलं. एका लोकप्रिय टीव्ही मालिकेत बँड दिसलासुद्धा.

आणि मग गाडी अडकली. १९९५ चा पुढचा अल्बम 'क्लाउड्स टेस्ट मेटॅलिक' तितका चालला नाही. १९९६ मध्ये जोन्स बँड सोडून गेला. तो साधा गिटारिस्ट नव्हता. पेडल्सवर पेडल्स जोडून गिटारमधून गिटारसारखा न वाटणारा आवाज काढणारा माणूस होता. राहिले तिघे. लोकांच्या लेखी ते 'ते जेलीचं गाणं वाले'. एक हिट देऊन विसरले गेलेले बँड ढिगाने आहेत, आणि हेही त्याच रांगेत जायच्या बेतात होते.

सायकेडेलिक म्हणजे नेमका कसला आवाज?

पुढे जाण्याआधी हा शब्द सोडवून घेऊ. 'निओ-सायकेडेलिक' म्हणजे साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकचा पुढच्या पिढ्यांनी घेतलेला नवा अवतार. यावर बोलताना लोक लगेच रंगीबेरंगी पोस्टर आणि नशेवर येतात. आपण आवाजावर येऊ.

१९६६ मध्ये बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज' रेकॉर्ड केलं. त्यासाठी टेपचे तुकडे गोल चिकटवून लूप केले होते. हे लूप स्टुडिओतल्या वेगवेगळ्या मशीन्सवर फिरत होते, काही ठिकाणी माणसं पेन्सिलीवर टेप ताणून धरून उभी होती, आणि मिक्स करणारे त्या क्षणी हवा तो आवाज वर-खाली करत होते. तोच मिक्स पुन्हा जसाच्या तसा करणं अशक्य होतं.

त्याच काळातली दुसरी युक्ती म्हणजे फ्लँजिंग. एकच रेकॉर्डिंग दोन टेप मशीन्सवर एकदम लावायचं आणि एका मशीनला किंचित मागे पाडायचं. अगदी काही मिलिसेकंद. दोन सारखे आवाज असे जरासे सरकून एकमेकांवर पडले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात, काही वाढतात. फरक हळूहळू बदलत ठेवला की ही मारामारीसुद्धा सरकत जाते आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा 'शूऽऽ' असा फिरता आवाज येतो. आज संगीत बनवायच्या अनेक ॲप्समध्ये 'फ्लँजर' नावाचं बटण असतं, त्याचं मूळ हे.

म्हणजे सायकेडेलिक आवाजाच्या गाभ्यातच दोन मशीन्सचं थोडंसं न जुळणं आहे. स्टुडिओत ते न जुळणं इंजिनीअरच्या ताब्यात असतं. फ्लेमिंग लिप्सनी काय केलं? तो ताबाच सोडला.

गाड्यांचं पार्किंग, नंतर टेप प्लेयरचा ऑर्केस्ट्रा

१९९६ मध्ये वेन कॉइनने वेगवेगळ्या आवाजांच्या कॅसेट्स बनवल्या आणि ओळखीच्या लोकांना गाड्या घेऊन एका पार्किंगमध्ये बोलावलं. तीसच्या आसपास गाड्या. प्रत्येक गाडीत एक कॅसेट, सगळ्या वेगळ्या. काचा खाली, आवाज मोठा. वेनने इशारा केला की सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं. गाड्यांच्या मधोमध उभं राहिलं की वेगवेगळ्या दिशांनी आवाज येणार, आणि दोन पावलं सरकलात की मिक्स बदलणार. पुढच्या वर्षी टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात एका मोठ्या संगीत महोत्सवातही हा प्रयोग झाला.

मग तोच प्रयोग हॉलमध्ये आला. गाड्यांच्या जागी टेप प्लेयर, चाळीसपर्यंत. प्रेक्षकांतलेच लोक प्लेयर घेऊन बसायचे आणि वेन आणि ड्रोझ्ड समोर उभे राहून ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरसारखे हातवारे करायचे: या बाजूने वाढवा, त्या बाजूने कमी करा.

पण पार्किंगमध्ये येणार ती ठरावीक माणसं. बाकीच्यांच्या घरी हे पोचवायचं कसं? त्याचं उत्तर म्हणजे 'झायरीका'.

अल्बममध्ये आहे काय

चार सीडी, आठ गाणी. आठही गाणी चारही सीडींवर, पण प्रत्येक सीडीवर त्या गाण्याचा वेगळा हिस्सा. 'झायरीका' हे नाव दोन शब्द जोडून केलंय. एक 'झैरे', आफ्रिकेतला देश, जो १९९७ मध्येच उलथापालथ होऊन आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक झाला. दुसरा 'युरेका', म्हणजे 'सापडलं!'. गोंधळ अधिक साक्षात्कार.

प्रत्येक सीडी स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. चार सीडींचे आठ. तुमच्याभोवती आठ स्पीकर, आणि ते कुठे ठेवायचे हे बँड नाही, तुम्ही ठरवणार. बाल्कनीत एक, किचनच्या दारात एक, चालेल. शिवाय चारपैकी कितीही सीडी लावा. एकेकटी, कुठल्याही दोन, कुठल्याही तीन किंवा चारही. हिशेब केला तर एका गाण्याची पंधरा रूपं होतात, आणि स्पीकरच्या जागा यात धरलेल्याच नाहीत.

'द मार्च ऑफ द रॉटन व्हेजिटेबल्स' मध्ये गाणं नाही, वाद्यंच आहेत आणि ड्रम्सचा धिंगाणा आहे. ड्रम्स खोलीभर फिरतात. शेवटच्या ट्रॅकमध्ये वेन एक गोष्ट सांगतो आणि मग कुत्रे भुंकायला लागतात, सगळीकडून. एका गाण्यात इतक्या उंच आणि इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सी आहेत की अल्बमबरोबर चक्क सावधगिरीची सूचना दिली होती. आणि हो, एका गाण्याच्या नावात 'इंडिया' आहे. पण सतार-तंबोऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

चार प्लेयर एकत्र का राहत नाहीत

आता तो टेक्निकल भाग. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, आणि वेगवेगळ्या मशीन्सची घड्याळं जुळवणं ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो.

सीडीवर आवाज साठवलेला असतो आकड्यांच्या रूपात, सेकंदाला ४४,१०० आकडे दर चॅनेलला. प्लेयरने ते आकडे बरोबर त्याच वेगाने वाजवायचे असतात. वेग ठरवतो प्लेयरमधला क्वार्ट्झचा स्फटिक, मनगटी घड्याळात असतो तसाच. आता कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. समजा एका प्लेयरचा स्फटिक दहा लाखात ५० ने पुढे आहे आणि दुसऱ्याचा दहा लाखात ५० ने मागे. ऐकायला हे काहीच नाही. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर दिवसाला साधारण चार सेकंद पुढे किंवा मागे.

पण दहा मिनिटांचं गाणं घ्या. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. दोघांतला फरक दहा लाखात १००. गुणाकार केला की गाणं संपताना दोन प्लेयर एकमेकांपासून ६० मिलिसेकंद लांब गेलेले असतात.

६० मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर, एक फुटाहून थोडं जास्त. ६० मिलिसेकंदात वीस मीटर. गाणं सुरू झालं तेव्हा दोन्ही स्पीकर तुमच्यापासून सारख्या अंतरावर होते, आणि गाणं संपेपर्यंत त्यातला एक जणू वीस मीटर लांब, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तुम्ही तो हलवला नाही. स्फटिकाने हलवला.

यात माणसाची बोटं अजून धरलेली नाहीत. 'एक, दोन, तीन, दाब!' म्हटल्यावर चार माणसांच्या बोटांत सहज सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडतो, म्हणजे शंभर मिलिसेकंद. त्यात प्रत्येक प्लेयरची सीडी फिरवायला घ्यायची पद्धत वेगळी. एक चटकन सुरू होतो, एक विचार करत बसतो.

आपला कान यावर काय करतो तेही मजेशीर आहे. तोच आवाज दोन ठिकाणांहून अगदी थोड्या फरकाने आला, साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत, तर मेंदू दोन्ही जोडून एकच आवाज ऐकतो. आधी आलेला आवाज कुठून आला तेवढं लक्षात ठेवतो. फरक त्याहून बराच वाढला की प्रतिध्वनी ऐकू येतो, दोन वेगळे आवाज. 'झायरीका' चालू असताना चार प्लेयर या सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे हिंडत असतात. कुठे आवाज जाड होतो, कुठे फाटतो, कुठे ताल दोन पायांनी लंगडतो. आणि पुढच्या वेळी तेच गाणं वेगळ्या जागी लंगडतं.

आता कोणी म्हणेल, ही तर चूक झाली, दुरुस्त करा. आजचे घरभर लावायचे वायफाय स्पीकर तेच करतात. एकमेकांशी सतत बोलून घड्याळं जुळवत राहतात. पण बँडला हे सगळं माहीत होतं. प्लेयर जुळणार नाहीत हे धरूनच त्यांनी गाणी रचली. सगळ्यांनी एकाच ठोक्यावर नेमकं पडायला हवं अशा जागा कमी ठेवल्या. लांब ओढलेले सूर, हळू फुगत जाणारे आवाज, गडगडाट, गर्दी, कुत्रे. शंभर मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तर या आवाजांचं काही बिघडत नाही, उलट ते पसरतात.

गणपतीची आरती आठवा. तीस-चाळीस माणसं, कोणाचा सूर खाली, कोणाची टाळी अर्धा क्षण उशिरा, झांज आपल्याच नादात. एकाच चांगल्या गायकाने स्टुडिओत बिनचूक म्हटलेली आरती लावून बघा, भरल्यासारखं वाटत नाही. तो जाडपणा, ती ऊब त्या बारीकसारीक फरकांमधून येते. स्टुडिओत 'कोरस' नावाचा इफेक्ट हाच फरक मशीनने पैदा करतो. 'झायरीका' तुमच्या खोलीत तो चार मशीन्स आणि चार माणसांकडून करवून घेतो.

शून्यापासून दहापर्यंत

हा अल्बम विकला जाणार नव्हता हे उघड होतं. चार प्लेयर कोणाच्या घरी असतात? तेव्हा नव्यानेच नाव कमावत असलेल्या पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटने याला दहापैकी ०.० गुण दिले. पूर्ण शून्य.

पण आता बँडच्या बाजूने बघा. गिटारिस्ट गेला होता, आणि त्यांनी नवीन गिटारिस्ट शोधलाच नाही. ड्रोझ्ड ड्रम्सवरून उठून पियानो, कीबोर्ड, गिटार सगळ्यावर हात टाकायला लागला. आठ चॅनेल भरायचे म्हणजे 'गिटार, बेस, ड्रम्स, आवाज' एवढ्या सामानात भागणार नव्हतं. व्हायोलिनसारखे, कोरससारखे, घंटांसारखे आवाज कीबोर्ड आणि सॅम्पलरमधून उभे करावे लागले. कुठला आवाज कुठे ठेवला की दुसऱ्याला जागा मिळते, हे शिकावं लागलं.

त्याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसाडागा गावाजवळ डेव्ह फ्रिडमनच्या टारबॉक्स रोड स्टुडिओत दुसरा अल्बमही आकार घेत होता. तो १९९९ मध्ये आला, 'द सॉफ्ट बुलेटिन'. हा साधा अल्बम, एक सीडी, दोन चॅनेल. पण ऐकताना कळतं की ही माणसं आठ चॅनेलची सवय लागून आली आहेत. दोन स्पीकरमध्ये अख्खी खोली कोंबली आहे.

यातले ड्रम्स लक्ष देऊन ऐका. ते फाटलेले, भरडलेले वाटतात. ड्रम्स मुद्दाम जास्त दाबून घेतलेत. कंप्रेसर नावाचं यंत्र मोठे आवाज खाली दाबतं आणि मग एकूण पातळी वर उचलतं, त्यामुळे ठोक्यानंतर खोलीत घुमणारा बारीक आवाजही पुढे येतो. एक माणूस ड्रम वाजवतोय, पण एखादा डोंगर कोसळतोय असं वाटतं. त्यावर कीबोर्डचे गोड, जवळजवळ सिनेमातल्यासारखे सूर, आणि त्यावर वेनचा थरथरता, कधी कधी सूर सोडणारा आवाज. या तीन गोष्टी एकत्र म्हणजे फ्लेमिंग लिप्सचा पक्का झालेला साउंड.

गाण्यांचे विषयही बदलले. १९९७ मध्ये वेनचे वडील कॅन्सरने गेले. आयव्हिन्सच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचं निखळलेलं चाक येऊन आदळलं, तो वाचला. ड्रोझ्डचा हात इतका बिघडला की तो जातो की काय अशी वेळ आली. कोळी चावला असं तेव्हा सांगितलं गेलं, नंतर कळलं की कारण हेरॉइनचं व्यसन होतं. या अल्बमवरच्या एका गाण्यात हे दोन्ही प्रसंग आहेत. 'रेस फॉर द प्राइझ' हे पहिलं गाणं आहे दोन शास्त्रज्ञांबद्दल, जे एका रोगावर इलाज शोधायला जिवाचं रान करतायत. आधीच्या विचित्र विनोदाच्या जागी मृत्यू आणि धीर आला, पण आवाज तोच, भव्य आणि थोडासा वेडा.

पिचफोर्कने या अल्बमला १०.० दिले. दोन वर्षांत शून्यावरून दहा. लोक याला पुनरागमन म्हणतात. मला वाटतं, हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. पहिला भाग शून्यवाला नसता, तर दुसरा दहावाला झाला नसता.

ते नंतरही सुधारले नाहीत

२००२ मध्ये 'योशिमी बॅटल्स द पिंक रोबोट्स' आला आणि बँड खऱ्या अर्थाने घराघरात पोचला. त्यातल्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्याला ग्रॅमी मिळालं. २००६ च्या 'ॲट वॉर विथ द मिस्टिक्स' ला आणखी दोन ग्रॅमी मिळाली, त्यातलं एक रेकॉर्डिंग इंजिनीअरिंगसाठी. २००९ मध्ये 'डू यू रिअलाइझ??' हे त्यांचं गाणं ओक्लाहोमाचं अधिकृत रॉक गाणं ठरलं. आमदारांच्या सभागृहात मंजुरी अडली, तेव्हा गव्हर्नरने आदेश काढून ते जाहीर केलं.

पण 'ऐकणाऱ्यालाच कामाला लावायचं' ही खोड गेली नाही. १९९९ च्या दौऱ्यात त्यांनी प्रेक्षकांना हेडफोन आणि छोटे एफएम रेडिओ दिले. स्टेजवरचा मिक्स एफएमवर जायचा. म्हणजे समोरच्या मोठ्या स्पीकरचा दणका छातीत आणि बारीक आवाज कानात, दोन्ही एकदम. २०११ च्या व्हॅलेंटाइन डेला त्यांनी एक गाणं यूट्यूबवर बारा तुकड्यांत टाकलं. बारा जणांनी आपापल्या फोनवर एकेक तुकडा एकदम लावायचा. गाण्याचं नाव इथे सांगण्यासारखं नाही. त्याच वर्षी त्यांनी चोवीस तास चालणारं एक गाणं काढलं, आणि सुमारे तीन किलोच्या जेलीच्या कवटीत पेन ड्राइव्ह लपवून चार गाणी विकली. गाणी ऐकायची तर आधी कवटी फोडा.

आणि जानेवारी २०२१. जगभर शो बंद. वेन कॉइन २००४ पासून प्लास्टिकच्या मोठ्या पारदर्शक फुग्यात शिरून प्रेक्षकांच्या डोक्यावरून चालायचा, हा त्याचा नेहमीचा खेळ. ओक्लाहोमा सिटीत त्यांनी शंभर फुगे लावले आणि प्रेक्षकांनाच त्यात बसवलं. एका फुग्यात जास्तीत जास्त तिघं. बाहेर बँडही आपापल्या फुग्यात. आत हवा, पाणी, छोटा स्पीकर. कोरोनाच्या काळातही यांना माणसं एका जागी आणायची होती.

तुम्ही काय करू शकता

आपण बहुतेक जण इअरबड्स लावून एकटे ऐकतो. नॉइज कॅन्सलेशन चालू, बाहेरचं जग बंद. लोकलमध्ये किंवा पीजीच्या खोलीत त्याला पर्याय नसतो, मीही तसंच ऐकतो. पण फोनवरचं गाणं शंभर वेळा लावा, शंभर वेळा तेच येतं. 'झायरीका' ची कुठलीही दोन वाजवणं सारखी नसतात, आणि त्यासाठी तीन मित्र बोलवावेच लागतात. इंटरनेटवर चाहत्यांनी चारही सीडी जोडून केलेले एका ट्रॅकचे मिक्स सापडतात. अल्बमची कल्पना यायला ते ठीक आहेत. पण त्यात चार मशीन्सचं भटकणं एकदाच कोणीतरी गोठवून ठेवलेलं असतं.

प्रयोग करायचा असेल तर चार सीडी शोधायची गरज नाही. चार मित्र, चार फोन, तुमच्या आवडीचं एकच गाणं. ब्लूटूथ स्पीकर नकोत, त्यांचा स्वतःचाच उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद असू शकतो. फोनचेच स्पीकर वापरा. चौघं खोलीच्या चार कोपऱ्यांत, 'तीन, दोन, एक' म्हणून प्ले. मग एकाने मधोमध उभं राहायचं आणि हळू हळू फिरायचं. ठेका असलेलं गाणं फाटेल, शिट्टी किंवा बासरीचे लांब सूर असलेलं पसरेल. दोन्ही लावून बघा, फरक लगेच कळेल.

आणि बँड ऐकायला सुरुवात कुठून करायची? माझा क्रम असा. पहिला 'द सॉफ्ट बुलेटिन', तोही इअरबड्स बाजूला ठेवून, बऱ्यापैकी स्पीकरवर. मग 'योशिमी'. मग मागे जाऊन 'क्लाउड्स टेस्ट मेटॅलिक', म्हणजे रोनाल्ड जोन्सची गिटार काय होती आणि ती गेल्यावर किती मोठी जागा रिकामी झाली ते कळेल. 'झायरीका' सगळ्यात शेवटी, चौघं एकत्र जमाल त्या दिवशी.

जमलात आणि लावलंत, तर तुमच्याकडे गाणं कुठे फाटलं आणि कुठे जुळलं ते नक्की कळवा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार, आणि सगळ्यांचीच बरोबर असणार. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.